शरीराचा नकार आणि औषधाची मर्यादा

(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक महोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठीच्या एका अध्यापकाने शताब्दी महोत्सवात बोलण्यासाठी अवयव-प्रत्यारोपणासारखा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण आरंभीच सांगतो. इंदूरच्या मराठी घरांतून आज डायलिसिस, क्रिएटिनिन, बायॉप्सी हे शब्द सर्रास ऐकू येतात. हे शब्द रुग्णालयाच्या कागदावरून घरात शिरतात, आणि घरातली मंडळी त्यांच्यापुढे निमूट बसून राहतात. अर्थ कळला नाही की भय दुप्पट होते. ज्ञान मायबोलीत आणून वाचकापुढे ठेवणे हे ग्रंथालयाचे काम असेल, तर हा विषय ग्रंथालयाचाच आहे. मी वैद्य नाही. उपचाराचा निर्णय तज्ज्ञांनीच करावयाचा असतो. परंतु तज्ज्ञ काय म्हणत आहेत हे समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या आप्तांना आहे, आणि तेवढ्यापुरतेच माझे आजचे बोलणे आहे.

किडनी बदललेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना कधी कधी एक वाक्य ऐकावे लागते : ‘रिजेक्शन आले आहे, आणि ते स्टिरॉइडला दाद देत नाही.’ ‘दाद’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि तिथे त्याचा अर्थ न्याय असा आहे. आपण दाद मागतो, दाद देतो आणि प्रसंगी दाद लागूही देत नाही. शरीर औषधाला दाद देत नाही, म्हणजे नेमके काय होते? एकाच औषधाने एक रुग्ण तीन दिवसांत सावरतो आणि दुसरा सावरत नाही, तो का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याकडची एक हकीकत चित्रासह छापून आली. कावसजी नावाचा एक मराठा, इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचाच वावरला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळावरची कातडी वळवून खाली आणली आणि तिचे नवे नाक घडवले. मुंबईहून आलेल्या इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिली होती. सुश्रुताच्या काळापासून चालत आलेल्या या विद्येने युरोपातील शल्यवैद्य चकित झाले, आणि आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याच्या त्या अनामिक कारागिराला कायमची जागा मिळाली.

या हकीकतीतला एक तपशील आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. नाकासाठी वापरलेली कातडी कावसजीच्या स्वतःच्या कपाळाची होती. ती त्याच्या शरीराला ओळखीची होती, म्हणून ती रुजली. हीच कातडी दुसऱ्या माणसाची असती तर आठ-पंधरा दिवसांत काळी पडून गळाली असती. सोळाव्या शतकात इटलीतील बोलोन्याच्या तालियाकोत्सी या नाक घडवणाऱ्या शल्यवैद्यालाही याची कल्पना होती. प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण इतके बलवान असते की परक्याची कातडी उपयोगी पडत नाही, असे त्याचे मत होते. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र पुढे साडेतीनशे वर्षे कळले नाही.

ते कळू लागले दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. बाँबहल्ल्यांत भाजलेल्या माणसांना कातडी कुठून द्यावी, हा ब्रिटनपुढचा तातडीचा प्रश्न होता. ग्लासगोमध्ये टॉमस गिब्सन आणि पीटर मेडावर यांनी भाजलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाच्या कातडीचे लहान लहान तुकडे लावून पाहिले. काही दिवसांनी ते गळून पडले. मग त्याच भावाच्या कातडीचे तुकडे दुसऱ्यांदा लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर गळाले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाचा अर्थ फार मोठा होता. शरीर परक्याला नाकारते, एवढेच त्यातून सिद्ध झाले नाही. शरीर एकदा नाकारलेल्याला लक्षात ठेवते, आणि पुन्हा तोच आला तर अधिक वेगाने नाकारते, हेही सिद्ध झाले. म्हणजे या नकाराला स्मृती असते. मेडावर यांना पुढे १९६० साली मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. श्रोतेहो, ‘नकाराची स्मृती’ ही कल्पना कृपा करून ध्यानात ठेवावी. स्टिरॉइडच्या अपयशाचे निम्मे कोडे तिनेच सुटते.

आता हे ‘आपले’ आणि ‘परके’ शरीराला कळते कसे? ग्रंथालयाच्या सभासदांना ते समजावून सांगणे सोपे आहे. आपल्या ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकावर शिक्का असतो. मुखपृष्ठ फाटले तरी आतल्या पानावरचा शिक्का पाहून पुस्तक कोणाचे ते कळते. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीवर असेच प्रथिनांचे शिक्के असतात. त्यांना ‘एचएलए’ म्हणतात. ते ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांचा एक संच आपल्याला आईकडून मिळतो आणि एक वडिलांकडून. म्हणून आईवडिलांशी प्रत्येक अपत्याचा अर्धा मेळ निश्चित असतो. सख्ख्या भावंडांत पूर्ण मेळ बसण्याची शक्यता चारांत एक असते, आणि एकबीज जुळ्यांत तो पूर्ण असतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी किडनीचे जे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते अशा एकबीज जुळ्या भावांमध्येच होते. तिथे नकाराचा प्रश्नच उद्भवला नाही.

परंतु जुळा भाऊ किती जणांना असतो? बाकीच्यांसाठी शरीराचा नकार औषधाने शमवणे भाग होते. आपल्या देशातील आरंभीच्या प्रयत्नांकडे पाहिले की ही अडचण किती मोठी होती ते कळते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मे १९६५ मध्ये मृत दात्याच्या किडनीचे प्रत्यारोपण केले. तो रुग्ण फार काळ जगला नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्याच रुग्णालयात सेन यांनी हृदयाचे प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. बर्नार्ड यांचा रुग्ण अठरा दिवस जगला, पण नकार दाबण्यासाठी दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती इतकी खालावली की न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. शल्यवैद्यांचे हात तयार होते, टाकेही नीट बसत होते. प्रतिकारशक्ती दाबली नाही तर अवयव जातो आणि फार दाबली तर माणूस जातो, या कात्रीत सारे अडकले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली, आणि तेव्हापासून आपल्याकडे हा मार्ग खऱ्या अर्थाने खुला झाला.

या कात्रीतून वाट काढणाऱ्या औषधांत स्टिरॉइडचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा रस निर्माण करतात. त्याच्याच जातकुळीतल्या कॉर्टिसोनने १९४८ साली अमेरिकेत सांधेदुखीने जखडलेली माणसे चालू लागली, आणि १९५० चे नोबेल पारितोषिक त्या संशोधनाला मिळाले. पुढे १९६३ मध्ये डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी दाखवून दिले की, किडनी नाकारण्याची प्रक्रिया सुरू झाल्यानंतरही प्रेडनिसोन भरपूर प्रमाणात दिले, तर ती मागे फिरवता येते. तोवर नकार म्हणजे शेवट असे मानले जात होते. तो शेवट नसून एक झटका आहे आणि तो ओसरू शकतो, हे कळणे ही केवढी आशा होती!

हे औषध काम कसे करते? शरीराच्या सैन्यात ‘टी पेशी’ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत त्यांचे शिक्षण होते. नव्या किडनीवरचा परका शिक्का दिसला की या पेशी जाग्या होतात, इंटरल्यूकिन-२ यांसारखी निरोपाची रसायने सोडतात, त्या निरोपाने त्यांची संख्या झपाट्याने वाढते, आणि त्या किडनीत घुसतात. स्टिरॉइड या पेशींच्या आत शिरते, तिथल्या एका ग्राहक प्रथिनाला चिकटते, आणि त्याच्यासह पेशीच्या केंद्रकात जाऊन निरोप तयार करणारी जनुकेच गप्प करते. जणू फौजेला हुकूमनामे पाठवणाऱ्या कचेरीलाच टाळे पडते. त्याशिवाय बऱ्याच टी पेशी स्टिरॉइडने मरतातही. नकाराच्या झटक्यात मिथाइल प्रेडनिसोलोन शिरेतून सहसा तीन दिवस, रोज ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम इतके देतात. शरीर स्वतः दिवसभरात जेवढा कॉर्टिसोल तयार करते, त्याच्या शंभरपटीहून अधिक बळ या मात्रेत असते. बहुतेक रुग्णांत क्रिएटिनिन उतरू लागते, लघवी वाढते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो.

काही रुग्णांत मात्र पाच-सात दिवस उलटले तरी क्रिएटिनिन उतरत नाही. यालाच स्टिरॉइडला दाद न देणारा नकार म्हणतात. त्याचे उत्तर एका वाक्यात सांगायचे तर असे : नकार हा शब्द एक असला तरी नकार एक नसतो, आणि स्टिरॉइड त्यांपैकी एकाच प्रकारच्या नकारावर हुकमी चालते. हुकूमनाम्यांच्या कचेरीला टाळे ठोकण्याचा हा उपाय कुठे कुठे निरुपयोगी ठरेल, याचा विचार केला की कारणे आपोआप पुढे येतात.

पहिले कारण म्हणजे ज्यांना हुकमाची गरजच उरलेली नाही अशा पेशी. मेडावर यांनी पाहिलेली स्मृती ती हीच. पूर्वी कधी तत्सम परका शिक्का पाहिलेल्या टी पेशींपैकी काही पेशी वर्षानुवर्षे शरीरात टिकून राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. नवख्या पेशीला जागे होण्यासाठी अनेक खुणा लागतात; स्मृतिपेशीला थोडक्या खुणा पुरतात, आणि तिची मारक द्रव्येही लवकर सिद्ध होतात. स्टिरॉइडचा जोर मुख्यतः नव्याने जाग्या होणाऱ्या पेशींवर चालतो. जुन्या, कसलेल्या सैनिकांवर तो तुलनेने कमी पडतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ते म्हणजे सुटलेले बाण. प्रतिकारशक्तीचे दुसरे दल ‘बी पेशीं’चे असते. या पेशींपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी रक्तात प्रतिपिंडे सोडतात. दात्याच्या शिक्क्याविरुद्धची प्रतिपिंडे किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, रक्तातली पूरक प्रथिने तिथे ओढून आणतात, अस्तर सुजते, रक्त गोठते आणि किडनी गुदमरते. इथे स्टिरॉइड काय करणार? सुटलेला बाण ते परत बोलावू शकत नाही. बाण घडवणाऱ्या प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत दीर्घकाळ दडून राहतात आणि स्टिरॉइडने सहसा नष्ट होत नाहीत. शिवाय या जातीच्या प्रतिपिंडांचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे आजच कारखाना बंद पडला, तरी कोठारातला माल कित्येक आठवडे पुरतो. १९९० नंतरच्या काळात किडनीच्या बायॉप्सीत ‘सी-४-डी’ नावाची एक खूण ओळखता येऊ लागली. प्रतिपिंडांचा हल्ला होऊन गेल्याचा तो मागमूस असतो. कॅनडातील बॅन्फ या गावी १९९१ साली जमलेल्या तज्ज्ञांनी नकाराचे जे वर्गीकरण आरंभले, त्यात पुढे प्रतिपिंडांच्या नकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. पूर्वी ज्यांना सरसकट ‘स्टिरॉइडला न जुमानणारे’ म्हटले जाई, त्यांतले कित्येक रुग्ण वस्तुतः या दुसऱ्याच आजाराचे होते.

तिसरे कारण हल्ल्याच्या जागेचे. टी पेशी किडनीच्या नलिकांभोवती जमल्या असतील तर स्टिरॉइडने बहुधा पांगतात. त्याच पेशी रोहिणीच्या भिंतीत शिरल्या असतील, तर दुखापत खोल असते आणि औषधाचा गुण कमी येतो. चौथे कारण किडनीत जमलेल्या जमावाचे. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे मिनी सरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लहान मुलांच्या बायॉप्सी तपासल्या, तेव्हा ज्या किडन्यांत बी पेशींचे दाट पुंजके होते, त्यांत स्टिरॉइडचा गुण न येण्याचे प्रमाण अधिक दिसले. पुढच्या सर्वच अभ्यासांत हे तसेच आढळले असे नाही. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली सारखा दिसणारा नकार आतून वेगवेगळा असू शकतो, हा धडा त्यातून मिळाला.

पाचवे कारण औषध आणि पेशी यांच्यातल्या व्यवहाराचे आहे. काही टी पेशींच्या कवचावर एक पंप असतो. तो आत आलेले स्टिरॉइड बाहेर फेकतो. तसेच स्टिरॉइडला धरून ठेवणाऱ्या ग्राहक प्रथिनाची एक जुळी आवृत्ती असते. ती औषधाला धरत नाही, पण खऱ्या ग्राहकाच्या कामात अडथळा आणते. यांचे प्रमाण माणसामाणसांत आणि पेशीपेशींत वेगळे असते. म्हणून मात्रा तीच असूनही परिणाम तोच असत नाही.

आणि सहावे कारण म्हणजे तो नकारच नसणे. किडनीत बीके नावाच्या विषाणूचा संसर्ग झाला तरी क्रिएटिनिन चढते, नकार रोखणाऱ्या औषधाचे प्रमाण रक्तात अधिक झाले तरी चढते, आणि जुन्या झटक्यांनी किडनीत वण पडले असतील तरी ते चढलेलेच राहते. वणावर स्टिरॉइड चालत नाही, आणि विषाणूला तर ते मोकळे रानच देते. म्हणून अशा वेळी डॉक्टर बायॉप्सी सुचवतात, तेव्हा ‘आधीच एवढे सोसले, आता आणखी सुई कशाला’ असे म्हणून ती टाळणे हिताचे नसते. कोणता नकार आहे हे त्या तांदळाएवढ्या जाडीच्या तुकड्यावरून कळते, आणि पुढची सारी वाट त्यावर अवलंबून असते.

मग पुढे काय करतात? टी पेशींचा हट्टी नकार असेल तर त्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडेच रुग्णाला देतात. मानवी थायमस पेशी टोचून सशाच्या शरीरात तयार करवलेली अशी प्रतिपिंडे आज वापरात आहेत. १९८६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ओकेटी-३ हे औषध याच वर्गातले. मानवी उपचारासाठी मान्यता मिळालेले ते पहिले ‘मोनोक्लोनल’ प्रतिपिंड. तीव्र दुष्परिणामांमुळे आणि त्याहून सुसह्य औषधे आल्यामुळे ते पुढे मागे पडले. नकार प्रतिपिंडांचा असेल तर रक्तातला प्लाझ्मा यंत्राने काढून ती गाळून टाकतात, अनेक दात्यांच्या रक्तातून मिळवलेले इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात, आणि बी पेशींवर चालणारी औषधे योजतात. हे उपचार महागडे आहेत, त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि प्रतिपिंडांच्या नकारावर हमखास इलाज आजही हाती आलेला नाही.

नव्या अवयवाविरुद्ध शरीर लढते तसेच याच्या उलटही घडते. आपल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या सर्वांच्या ‘एम. वाय.’मध्ये, २०१८ साली अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सोय झाली. दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवली की कधी कधी तिच्यातून निघालेल्या पेशीच यजमान शरीराला परके समजून त्याची कातडी, आतडी आणि यकृत यांवर हल्ला चढवतात. पाहुण्याने घरच्यालाच बाहेर काढावे, तसे हे. तिथेही पहिले औषध स्टिरॉइडच असते आणि तिथेही ते अनेकांना पुरत नाही. अशा रुग्णांसाठी रक्सोलिटिनिब नावाच्या औषधाला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

बंधुभगिनींनो, एवढा वेळ मी शास्त्र सांगितले. आता ज्यासाठी हा विषय घेतला त्याकडे वळतो. स्मृतिपेशी आणि प्रतिपिंडे ज्यांच्या शरीरात आधीपासून असतात ती माणसे कोण? ज्यांना आधी एकदा प्रत्यारोपण झाले आहे ती. ज्यांना वारंवार रक्त चढवले आहे ती. आणि ज्यांनी मुलांना जन्म दिला आहे त्या स्त्रिया. गर्भातल्या मुलाचा अर्धा शिक्का बापाचा असतो. तो आईच्या शरीराला परका. गर्भारपणात आणि बाळंतपणात त्या शिक्क्याशी तिच्या रक्ताची गाठ पडते, आणि कित्येक स्त्रियांत त्याची स्मृती आणि प्रतिपिंडे उरतात. याचा परिणाम असा होतो की, पत्नीची किडनी पतीला घेता येते, पण पत्नीला गरज पडली तर पतीची किडनी तिच्या शरीराने नाकारण्याचा धोका अधिक. ज्या मुलासाठी तिने नऊ महिने सोसले, त्या मुलाची किडनीही तिला परकी ठरू शकते.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. आपल्या देशात किडनीच्या जिवंत दात्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत, आणि किडनी मिळणाऱ्यांत पुरुष बहुसंख्य आहेत. आई देते, पत्नी देते, बहीण देते. देण्याच्या बाबतीत समाज तिला पुढे करतो, आणि घेण्याच्या वेळी तिचे मातृत्वच तिच्या आड येते. निसर्गाची बाजू आपल्या हातात नाही. समाजाची बाजू आहे. जिला घरातल्या कोणाचीच किडनी जुळत नाही, तिला अनोळखी मृत दात्याच्या किडनीची किंवा दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करण्याची आशा उरते. पहिल्या कुटुंबातल्या दात्याने दुसऱ्या कुटुंबातल्या रुग्णाला द्यायचे आणि तिकडच्याने इकडे, अशा अदलाबदलीला २०११ च्या कायदादुरुस्तीने मान्यता दिली आहे. मेंदूमृत्यू झालेल्या व्यक्तीचे अवयव घेण्याला १९९४ च्या कायद्याने आधार दिला, आणि तो कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही होती.

आपल्या इंदूरने या बाबतीत मान उंच करावी असे काही केले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये या शहरात पहिला ‘ग्रीन कॉरिडॉर’ झाला. एका मेंदूमृत व्यक्तीच्या कुटुंबाने होकार दिला, आणि शहराने रहदारी थांबवून यकृत विमानतळापर्यंत पोचवले. त्यानंतर पन्नासाहून अधिक वेळा इंदूरने असा रस्ता मोकळा करून दिला आहे. तरीही देशाचे चित्र पाहिले तर २०२३ या वर्षात भारतात अठरा हजारांहून अधिक अवयव-प्रत्यारोपणे झाली, आणि मृत्यूनंतर दान करणारे दाते मात्र सुमारे अकराशेच होते. दाते जितके अधिक, तितका जुळणारा शिक्का सापडण्याचा संभव अधिक. ज्या नकारावर औषध चालत नाही, तो उद्भवूच न देण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे आरंभीच जुळणारा अवयव मिळणे. तो उपाय औषधाच्या कारखान्यात तयार होत नाही. एखाद्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळलेला असताना, त्या घरातल्या कोणीतरी दिलेल्या होकारातून तो तयार होतो.

आणखी तीन साध्या गोष्टी सांगून मी थांबणार आहे. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने बरे वाटते म्हणून गोळ्या सोडू नयेत. प्रकृती ठणठणीत असताना चुकवलेल्या गोळ्यांच्या काळातच नवी प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका असतो, आणि वर्षांनंतर उद्भवणाऱ्या हट्टी नकाराचे ते एक मोठे कारण आहे. दुसरी गोष्ट, ज्याच्या किडन्या निकामी होत आहेत आणि ज्याला पुढेमागे प्रत्यारोपण करायचे आहे, त्याला रक्त चढवण्याची खरोखर गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. रक्त अत्यावश्यक असेल तर ते घेतलेच पाहिजे. तथापि रक्ताची प्रत्येक पिशवी म्हणजे परक्या शिक्क्यांशी ओळख, हे विसरू नये. तिसरी गोष्ट, स्टिरॉइड स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि स्वतःच्या मनाने थांबवूही नये. ते जितके गुणकारी तितकेच उलटणारे आहे. साखर, हाडे, डोळे, सर्वांवर त्याचा भार पडतो.

आपल्या परंपरेत कापलेल्या धडावर दुसरे मस्तक बसवल्याच्या कथा आहेत. कथेत ते तत्काळ सजीव होते, कारण कथेला प्रतिकारशक्ती नसते. प्रत्यक्षात परक्याला आपले म्हणणे ही शरीराला फार जड जाणारी गोष्ट आहे. ती एकदाच घडून संपत नाही. ती रोज, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांनी, जन्मभर करावी लागते. स्टिरॉइड त्या कामातला एक जुना आणि विश्वासू सेवक आहे; सर्वशक्तिमान धनी नव्हे. तो अपुरा पडला म्हणजे रुग्णाचे दैव फिरले असे समजू नये, किंवा डॉक्टरांनी हात टेकले असेही समजू नये. हा नकार कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो प्रश्न रुग्णाच्या आप्तांना मराठीतून, न बिचकता विचारता यावा, यासाठीच आजचे हे बोलणे होते.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय उभे केले, त्यांनी आपल्या हयातीत कधी न भेटणाऱ्या वाचकांसाठी पुस्तके गोळा करून ठेवली. न पाहिलेल्या माणसासाठी काही मागे ठेवून जाणे ही वृत्ती या वास्तूच्या पायातच आहे. तीच वृत्ती अवयवदानाच्या बाबतीतही आपल्या घराघरांतून बोलली जावी, निदान तिची चर्चा सर्वजण धडधाकट असतानाच व्हावी, एवढीच विनंती.